रिपोर्टवरचा तीनाचा आकडा

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळचे सव्वाआठ. माझ्यासमोर एकशे बेचाळीस नावांची यादी आहे आणि प्रत्येक नावापुढे मला दोनच गोष्टी भरायच्या आहेत: हा माणूस जिवंत आहे का, आणि असेल तर त्याचा कॅन्सर परत आला का. ज्यांचं उत्तर फाइलमध्ये सापडेल त्यांचं तिथून घ्यायचं. ज्यांचं सापडणार नाही त्यांना पत्र पाठवायचं. संध्याकाळपर्यंत निम्मी यादी संपवायची आहे, पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला आहे, म्हणून आधी हे लिहिते.

मी टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात राहते आणि एका हॉस्पिटलसाठी कॅन्सर रजिस्ट्रार म्हणून काम करते. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मुलीचं लग्न रजिस्टर करायला काय काय कागद लागतात ते विचारलं. मी लग्नं लावत नाही. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. हॉस्पिटलमध्ये कॅन्सरचं निदान झालं की त्या प्रत्येक पेशंटची नोंद सरकारी नोंदवहीत जाते. ती नोंद मी तयार करते. फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते: गाठ कधी लागली, तपासणी कधी झाली, ऑपरेशनमध्ये काय निघालं, औषधं कुठली दिली. मग पेशंट जिवंत असेपर्यंत दरवर्षी त्याची चौकशी करते. ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही अशा हजारो लोकांच्या प्रकृतीचा हिशेब माझ्याकडे आहे. डायनिंग टेबलवर दोन स्क्रीन, दाराला कडी, आणि घरातल्या कुणालाही त्या स्क्रीनसमोर यायची बंदी. एवढंच माझं ऑफिस.

या कामाचा कणा म्हणजे स्टेज. स्टेज डॉक्टर ठरवतात, मी ती नियमाच्या पुस्तकाशी ताडून नोंदवते. ब्रेस्ट कॅन्सरचं उदाहरण घेते, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त फाइली त्याच्याच येतात. तीन प्रश्न विचारायचे. गाठ किती मोठी आहे? ती काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचली आहे का? आणि शरीरात दुसरीकडे, म्हणजे हाडं, फुप्फुस, यकृत, मेंदू, कुठे जाऊन बसली आहे का? बिघडलेल्या पेशी दुधाच्या नळीतच आहेत, भिंत ओलांडलेली नाही, तर स्टेज शून्य. गाठ लहान आणि काख जवळपास स्वच्छ, तर पहिली. गाठ मोठी किंवा काखेतल्या थोड्या ग्रंथींना लागण, तर साधारण दुसरी. काखेत बरंच पसरलेलं, किंवा छातीच्या भिंतीला, कातडीला भिडलेलं, तर तिसरी. दूर कुठे गेलेलं असेल तर चौथी. पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता पेशी किती आडदांड आहेत आणि कुठल्या औषधांना दाद देतील, तेही हिशेबात धरतात. त्यामुळे एकाच मापाच्या दोन गाठींची स्टेज वेगवेगळी निघू शकते.

आपल्या लोकांना मात्र दोनच स्टेज माहीत असतात: 'लवकर कळलं' आणि 'लास्ट'. चौथीलाही उपचार असतात, आणि त्यावर वर्षानुवर्षं नोकरी, स्वयंपाक आणि सुनेशी भांडण चालू ठेवणाऱ्या बायका माझ्या यादीत आहेत, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. निदानाच्या वेळी ठरलेली स्टेज आमच्या नोंदीत पुढे बदलत नाही. दहा वर्षांनी कॅन्सर हाडात परत आला तरी तो माणूस 'दुसऱ्या स्टेजचा'च राहतो, परत आल्याची नोंद वेगळी होते. सुरुवात कुठून झाली हे पुसायचं नसतं.

नवी होते तेव्हा मी एक फाइल भरली. गाठीचं माप मिलिमीटरमध्ये लिहायचं असतं. गाठ बावीस मिलिमीटरची होती, मी एक शून्य जास्त दाबलं. माझी सहकारी कॅरल गेली तीस वर्षं हेच काम करते. तिने तपासताना मला फोन केला. "मेधा, ही गाठ आहे की कलिंगड? बावीस सेंटिमीटर! पेशंट दारातून आत कशी आली?" तेव्हापासून मी माप मोठ्याने वाचते. घरचे हसतात, हसू देत.

बिल नावाचा एक रँचवाला होता. त्याला वार्षिक चौकशीचं पत्र गेलं, तर त्याने फोन करून मलाच झापलं. "मॅडम, पत्रावर ब्रेस्ट असं छापलंय. पोस्टमन माझ्याबरोबर शाळेत होता." पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, क्वचित होतो, आणि त्यांच्याही स्टेज अगदी याच. बिलने गाठ वर्षभर अंगावर काढली, कारण ती बायकांची गोष्ट आहे असं त्याला वाटत होतं. आला तेव्हा तिसरी होती. पुढच्या वर्षीपासून त्याचं पत्र मी साध्या पाकिटातून पाठवायला लागले. तो प्रत्येक वेळी एकच ओळ लिहून परत पाठवतो: 'जिवंत. गुरंही ठीक.'

आता गेल्या वर्षीची गोष्ट. नावं बदलली आहेत, आणि जिची ही गोष्ट, तिने सगळं वाचून 'छापा' म्हटलं आहे. एक वाक्य खोडायला सांगितलं, ते खोडलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पॅथॉलॉजी विभागाकडून नव्या पेशंटांची आठवड्याची यादी आली. खालून चौथं नाव अश्विनीचं होतं. आमच्या मंडळातली, मूळची नागपूरची, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करणारी. वय पंचेचाळीसच्या आत. नवरा नितीन, मुलगी इरा, बारा वर्षांची. नावासमोर फक्त 'ब्रेस्ट, बायोप्सी, पॉझिटिव्ह' एवढंच होतं.

अशा वेळी काय करायचं याचा नियम साधा आहे. ओळखीच्या माणसाची फाइल उघडायची नाही. मी कॅरलला कळवलं, तिने ते नाव स्वतःकडे घेतलं, आणि माझ्यापुरता विषय संपला. इथे रुग्णाच्या गुप्ततेचा कायदा कडक आहे. कोणी कुठली फाइल किती वाजता उघडली, याची नोंद मशीन ठेवतं. नुसत्या उत्सुकतेने शेजारणीची फाइल उघडून नोकरी घालवलेले लोक मला माहीत आहेत.

नियम मी शंभर टक्के पाळला. जरा जास्तच पाळला. पुढच्या आठवड्यात मंडळाचा भोंडला होता. फेर धरताना अश्विनी माझ्या शेजारी येऊन हात पुढे करून उभी राहिली. माझ्या तोंडावर काही दिसेल या भीतीने मी 'खिरापत बघते' म्हणून तिथून सटकले. खिरापत बघायला चार जणी आधीच होत्या. त्या दिवशी तिच्याशेजारी उभी राहिले असते तर ती कदाचित तेव्हाच बोलली असती. नियमाने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. हात काढून घ्यायला सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मंडळाच्या दिवाळीसाठी फराळ करायला आम्ही अश्विनीकडे जमलो. इथे तळण घरात करत नाहीत. स्मोक अलार्म केकाटतो आणि वास कार्पेटमधून महिनाभर जात नाही. गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढायच्या, दार अर्धं उघडं ठेवायचं आणि मोठ्या बर्नरवर कढई चढवायची. चौघीजणी आत स्वयंपाकघरात शंकरपाळे कापत होत्या. गॅरेजमध्ये सोऱ्यावर अश्विनी आणि कढईवर मी.

आतून कुणीतरी ओरडून विचारलं, "अश्विनी, मग फ्लाइट कधी?"

"सॅटर्डेला! दिवाळी नागपूरलाच!"

"आणि परत?"

"बघू. तीन महिने तरी आईकडे राहीन. रिमोट काम अप्रूव्ह झालंय."

माझ्या हातातला झारा तेलातच थांबला. तीन महिने. म्हणजे एक तर तिने तिकडे उपचार ठरवले होते, किंवा काहीच ठरवलं नव्हतं. विचारता येत नव्हतं. मी चकली उलटली.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मेधाताई, तुम्ही ते कॅन्सरचंच काम करता ना?"

"करते."

"माझी एक मैत्रीण आहे. तुम्ही नाही ओळखत. चँडलरला असते, ॲरिझोनात."

"बरं."

"तिच्या रिपोर्टवर थ्री आलंय." तिने सोऱ्या जोरात दाबला. चकलीचा वेढा तुटला. "चारच असतात ना? म्हणजे एकच उरली. मग कशाला यार उगाच केमो, केस जाणार, सगळ्यांना त्रास. माझ्या मावशीचं पाहिलंय मी. सहा महिने नुसती उलट्या करत होती, आणि शेवटी गेलीच."

चँडलरची मैत्रीण माझ्यासमोर भाजणीच्या पिठाने माखलेल्या हातांनी उभी होती, हे मला कळत होतं. पण मला कळतं आहे हे तिला कळू देणं म्हणजे फाइल बाहेर नेणं. दुसरीकडे, मैत्रीण हा चांगला दरवाजा होता. मैत्रिणीला कुणीही काहीही सांगू शकतं.

"थ्रीच्या आधी शब्द काय आहे?" मी विचारलं.

"शब्द काय असणार? थ्री म्हणजे थ्री."

"शब्द सांग. नुसत्या आकड्याला काही अर्थ नसतो."

"तिला विचारावं लागेल." तिने हात पुसले, फोन घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि बोटाने काहीतरी वर सरकवत वाचलं. "ग्रेड. ग्रेड थ्री."

"मैत्रिणीचं उत्तर फार पटकन आलं," मी म्हटलं. म्हणायला नको होतं. ती हसली नाही.

इथल्या पद्धतीबद्दल एक सांगायला हवं. टेस्टचा रिपोर्ट तयार झाला की तो पेशंटच्या फोनवर लगेच येतो. पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी. आणि आपले लोक इंजिनिअर. डॉक्टरांचा फोन येईपर्यंत थांबणं त्यांच्या रक्तात नाही. रिपोर्ट उघडायचा, लाल अक्षरं बघायची, दोन मिनिटं गूगल करायचं आणि निष्कर्ष काढून मोकळं व्हायचं. अश्विनीने तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये, टेबलाखाली फोन धरून वाचला होता. हे तिने मला पुढे सांगितलं.

"हे बघ," मी म्हटलं, "तिला सांग, ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. ग्रेड म्हणजे ते सेल्स मायक्रोस्कोपखाली नॉर्मल सेल्सपेक्षा किती वेगळे दिसतात ते. एक, दोन, तीन. तिथे चार नसतोच. स्टेज म्हणजे कॅन्सर कुठवर पोचलाय ते. सुईने काढलेल्या दोऱ्याएवढ्या तुकड्यावरून स्टेज कळत नाही. काख बघावी लागते, गाठ मोजावी लागते, कधी ऑपरेशन झाल्यावरच पक्की कळते. तुझ्या मैत्रिणीची स्टेज आज कुणालाच माहीत नाही. तिलाही नाही, तिच्या डॉक्टरलाही नाही."

"म्हणजे थर्ड नाही?"

"असेल, नसेल. पहिलीसुद्धा असू शकते."

ती पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. मग तिचा चेहरा सैल झाला आणि ती म्हणाली, "मग एवढं काही नाही. इंडियातून आल्यावर दाखवेल ती."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चांगली बातमी दिली की माणूस तिलाच सुट्टी समजून बसतो.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "ग्रेड तीनचे सेल्स घाईत असतात. भराभर वाढतात. ग्रेड एकवाली एखादी आठवडाभर विचार करत बसली तर एक वेळ समजू शकते. हिने नाही. तो तीन 'संपलं' म्हणत नाहीये, 'ऊठ' म्हणतोय."

"तुम्ही रागावताय."

"तुझ्या मैत्रिणीवर. तिला हॉस्पिटलने फोन केला नाही?"

"नाही."

"नक्की?"

"अननोन नंबर कोण उचलतं, मेधाताई? दिवसाला दहा येतात. कारची वॉरंटी संपली, तुमच्या नावाने वॉरंट आहे, पोलिस बोलतोय. आपण सगळेच नुसते वाजू देतो."

"आणि व्हॉइसमेल?"

"फुल आहे. असेल. तिचा."

नव्या पेशंटला हाताला धरून योग्य त्या डॉक्टरांकडे नेणारी एक नर्स असते, तिला नर्स नॅव्हिगेटर म्हणतात. अपॉइंटमेंट, तपासण्या, इन्शुरन्सचे कागद, सगळं ती जुळवते. प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलमध्ये असते. आमच्या नर्सच्या डेस्कचा नंबर हॉस्पिटलच्या वेबसाइटवर आहे आणि मला पाठ आहे.

"नंबर लिहून घे," मी म्हटलं. "ज्या बाईला ब्रेस्ट कॅन्सरबद्दल काहीही विचारायचंय, तिला हा नंबर चालतो. चँडलरहून केला तर तिथला नंबर देतील."

तिने नंबर टाइप केला. "नाव काय टाकू?"

"काय टाकायचं ते टाक."

तिने 'मैत्रीण' असं टाकलं आणि सेव्ह केलं. फोनमध्ये नंबर सेव्ह केला की आधी आलेल्या कॉलनासुद्धा ते नाव लागतं. तिच्या मिस्ड कॉलच्या यादीत एकाखाली एक तेच नाव उमटलं. मैत्रीण, मैत्रीण, मैत्रीण. सात वेळा. सगळ्यात अलीकडचा परवा दुपारचा.

आम्ही दोघी त्या यादीकडे बघत राहिलो आणि चकल्या जळल्या.

"मॉम, समथिंग इज बर्निंग!" इरा आतून धावत आली. कढईकडे बघून म्हणाली, "कॅन आय हॅव द बर्न्ट वन्स? आय लाइक देम."

"घे. फुंकून खा," अश्विनी म्हणाली. इरा चार काळ्या चकल्या घेऊन गेली. अश्विनी तिच्या पाठीकडे बघत होती. "मैत्रिणीला मुलगी आहे. एवढीच."

"नवऱ्याला सांगितलंय तिने?"

तिने मान हलवली. नाही.

"मग मैत्रिणीला सांग, शनिवारी विमानात बसायला तिला वेळ नाही. उद्या सोमवार. डेस्क आठला उघडतं."

निघताना ती माझ्या गाडीपर्यंत आली. "मेधाताई, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मला काय माहीत असतं आणि काय नसतं, ते मी घरीसुद्धा सांगत नाही."

"म्हणजे होतं."

"म्हणजे मी सांगत नाही."

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. भोंडल्याचं तिला आठवलं असणार. मलाही आठवलं. मी सॉरी म्हणाले, कशाबद्दल ते बोलले नाही, आणि गाडी सुरू केली.

तिची स्टेज पुढे कुठली निघाली, हे वाचणाऱ्यांना जाणून घ्यायचं असेल. ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. लोक मला नेहमी स्टेजच विचारतात, जणू परीक्षेचा निकाल. इतक्या वर्षांत मला एवढं कळलं आहे की स्टेज म्हणजे त्या दिवशी तुम्ही कुठे उभे आहात, हे सांगणारं नकाशावरचं टिंब. तिथून चालायला सुरुवात केली की नाही, हे त्या आकड्यात कुठेच नोंदवलेलं नसतं. त्याचा रकाना वेगळा असतो, आणि 'उपचार नाकारले' असा शिक्का पडलेल्या फाइली मी पुष्कळ भरल्या आहेत. त्यातल्या कितीजणींनी खरंच नाकारले होते आणि कितीजणींनी नुसता फोन उचलला नव्हता, हे मी त्या रविवारपर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी लॉगिन केलं. तिने फोन केला की नाही, हे माझ्यापासून दोन क्लिकवर होतं. बघायचा मोह झाला, हे खोटं कशाला बोलू? कर्सर शोधायच्या चौकटीत नेला, तिच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली आणि खोडली. मग सुपरवायझरला ईमेल केली की या पेशंटची फाइल माझ्या लॉगिनला कायमची बंद करा, ओळखीची आहे. ते पाठवून मी दुसऱ्याच एका बाईची फाइल उघडली आणि तिच्या गाठीचं माप मोठ्याने वाचलं.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी अश्विनीचा मेसेज आला. 'गुरुवारी दहा वाजता बोलावलंय.'

मी उत्तर लिहीत होते, तेवढ्यात खाली दुसरा आला. एकच शब्द. 'मला.'

मी विचारलं, 'नितीनला सांगितलंस?'

'संध्याकाळी सांगते. तो कॉलवर आहे.'

'आत्ता,' मी लिहिलं, आणि गुरुवारची रजा टाकली.